आपली पोरे कोणती?

८ एप्रिल २०२४ हा सूर्यग्रहणाचा दिवस होता. मुलीच्या बाळंतपणासाठी मी नुकतीच अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन गावी आले होते. दुपारी मुलीने आणून दिलेला काळा चष्मा हातात घेऊन अंगणात उभी होते, तोच शेजारचे वयस्कर गृहस्थ बाहेर आले. आकाशाकडे त्यांचे लक्षच नव्हते. कुंपणापाशी येऊन म्हणाले, "ऐकलेत ना? तो गेला."

मी आपल्या पद्धतीने चेहरा गंभीर केला. फार वाईट झाले म्हटले, आणि वय काय होते असे विचारले.

"पासष्ट," ते म्हणाले. "आणि गेला तो अर्कान्सासला!"

केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी हे पंधरा वर्षांची गादी सोडून स्पर्धक विद्यापीठात निघाल्याची बातमी आदल्या रात्री फुटली होती. पुढचे सहा महिने मी त्या गावात राहिले. दूधवाल्या बाईपासून दवाखान्यातल्या परिचारिकेपर्यंत जो भेटेल तो एकाच विषयावर बोले. नवा प्रशिक्षक कोण, तो कोणती मुले आणणार, जुन्यांपैकी कोण राहणार. छत्तीस वर्षे महाविद्यालयात शिकवलेल्या माझ्यासारखीला विद्यापीठाचा एवढा जप कानी पडणे नवीनच होते. त्या जपात ग्रंथालयाचा किंवा प्राध्यापकांचा उल्लेख मात्र एकदाही ऐकला नाही, हेही नोंदवून ठेवते.

हे वेड काय आहे ते समजायला थोडा भूगोल लागतो. केंटकीत एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलचा संघ नाही. लुईव्हिलचा ‘केंटकी कर्नल्स’ हा दुसऱ्या एका संघटनेतला संघ होता, तोही १९७६ मध्ये बंद झाला. त्यामुळे पूर्वेकडच्या डोंगरातले कोळसा खाणकामगार, मधल्या भागातले घोडेवाले आणि पश्चिमेकडचे शेतकरी या सर्वांचा मिळून एकच संघ, तो विद्यापीठाचा. खाणींच्या मुलखातल्या हार्लनमध्ये जन्मलेल्या कॉवूड लेडफर्ड या समालोचकाचा आवाज १९५३ ते १९९२ अशी एकोणचाळीस वर्षे रेडिओवरून घराघरांत येत होता. आमचे शेजारी त्याच भागातले. त्यांचे वडील खाणीतून आले की आंघोळीआधी रेडिओ लावत, असे त्यांनी मला सांगितले. संघाने आठ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आहे. त्यातली पहिली चार अडॉल्फ रप या प्रशिक्षकाच्या काळातली. १९३० ते १९७२ इतका काळ ते तिथे होते, आणि १९७६ साली उघडलेले, वीस हजारांवर माणसे बसतील असे मैदान त्यांच्याच नावाचे आहे.

कॅलिपारींच्या जाण्याने लोक दुखावले होते आणि सुटलोही म्हणत होते. २००९ मध्ये ते आले तेव्हा एनबीएचा एक नियम त्यांच्या पथ्यावर पडला होता. २००५ च्या करारानंतर शाळेतून थेट व्यावसायिक खेळात जाता येईना; वय एकोणीस हवे आणि शाळा सुटून एक वर्ष झालेले हवे. मग ते मधले वर्ष घालवायला देशातली सर्वांत गुणी अठरा वर्षांची मुले कॅलिपारींकडे येऊ लागली. जॉन वॉल, डीमार्कस कझिन्स, अँथनी डेव्हिस. डेव्हिसच्या संघाने २०१२ साली अजिंक्यपद आणले. पण मुलगा एका हिवाळ्यात यायचा, नाव कमवायचा आणि वसंतात निघून जायचा. "नाव पाठ होईपर्यंत पोरगा गेलेला असतो," ही तिथल्या म्हाताऱ्यांची तक्रार. जिंकत होते तोवर ती दबून होती. २०२२ मध्ये सेंट पीटर्स नावाच्या छोट्या महाविद्यालयाने पहिल्याच फेरीत हरवले, आणि मार्च २०२४ मध्ये ओकलंडने ८०-७६ असे पुन्हा तेच केले. ओकलंडच्या जॅक गोल्की या एकट्या मुलाने तीन गुणांच्या दहा बास्केट केल्या. शेजाऱ्यांनी त्या रात्री दूरचित्रवाणी संच बंद केला तो आठवडाभर उघडला नाही, असे त्यांच्या पत्नीने मला कुजबुजत सांगितले.

नवा प्रशिक्षक कोण, यावर चार दिवस गावाने आपापली यादी केली. बेलर विद्यापीठाच्या स्कॉट ड्र्यू यांचे नाव आघाडीवर होते. त्यांनी नकार दिला. मग मार्क पोप यांचे नाव जाहीर झाले तेव्हा उसळलेला संताप मी स्वतः पाहिला आहे. कारणही होते. पोप हे ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे प्रशिक्षक, आणि राष्ट्रीय स्पर्धेतला एकही सामना त्यांनी प्रशिक्षक म्हणून जिंकलेला नव्हता. न्हाव्याच्या दुकानात जावई गेला होता. तिथे एक गृहस्थ अर्धी दाढी तशीच ठेवून उठले आणि भाषण करू लागले, असे तो हसत सांगत होता.

पण पोप यांच्याकडे एक गोष्ट होती जी ड्र्यू यांच्याकडे नव्हती. ते १९९६ च्या विजेत्या केंटकी संघाचे कर्णधार होते. पुढे एनबीएत खेळले, मग वैद्यकीय शिक्षण घ्यायला गेले आणि ते अर्ध्यावर सोडून प्रशिक्षणाकडे वळले. (ही हकिकत मी फोनवर बहिणीला सांगितली तेव्हा तिला सामन्यांचे काही वाटले नाही, "डॉक्टरकी सोडली?" एवढेच तिने तीनदा विचारले.) १४ एप्रिलच्या रविवारी त्यांच्या स्वागताचा कार्यक्रम रप अरीनात ठेवला. जुने सहकारी आणि १९९६ चा करंडक घेऊन पोप बसमधून आले, आणि पाहतात तर मैदान भरलेले. त्यांनी सांगितले की इथे कशासाठी आलो आहोत ते आपल्याला कळते, छताला अजिंक्यपदाचे बॅनर लावायला. गुरुवारी जो मनुष्य नालायक होता तो रविवारी संध्याकाळी घरचा झाला. शेजारी परत आले तेव्हा त्यांचा घसा बसला होता.

आता बॅनर लावायचे तर खेळाडू हवेत, आणि खेळाडू एकही नव्हता. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. शिष्यवृत्तीवर असलेल्या जुन्या मुलांपैकी एकही परतला नाही. रीड शेपर्ड, ज्याचे आई-वडील दोघेही याच विद्यापीठाकडून खेळलेले आणि जो खरोखर मातीतला म्हणता येईल, तो एनबीएत गेला, तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. काही कॅलिपारींच्या मागे अर्कान्सासला गेले. भरतीसाठी ज्यांनी केंटकीचा शब्द दिला होता अशा शाळकरी मुलांपैकीही काही तिकडेच वळली.

शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चुंबकाखाली एक कोरा कागद लावला गेला. पोप एकेक मुलगा आणतील तसे त्यावर नाव चढे, आणि प्रत्येक नावावर संध्याकाळी खल होई. सॅन दिएगो स्टेटचा लमॉन्ट बटलर आला तेव्हा आनंद झाला. २०२३ च्या उपांत्य सामन्यात अखेरच्या क्षणी बास्केट करून त्याने आपल्या संघाला एका गुणाने जिंकून दिले होते. डेटनचा कोबी ब्रे आला. आदल्या हंगामात तीन गुणांच्या जवळजवळ निम्म्या फेकी त्याने बास्केटमध्ये घातल्या होत्या, देशात सर्वाधिक. त्याच्या नावाखाली शेजाऱ्यांनी दोन रेघा ओढल्या. जॅक्सन रॉबिन्सन पोप यांच्याच जुन्या संघातून आला. पण ड्रेक्सेलचा अमारी विल्यम्स, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा सात फुटी मुलगा, याचे नाव आले तेव्हा शेजारी कळवळले. "ड्रेक्सेल! कालपर्यंत आम्ही देशातले पहिल्या पाचातले मुलगे निवडत होतो, आज ड्रेक्सेलच्या दारात उभे आहोत." फेअरली डिकिन्सन या त्याहून लहान महाविद्यालयाचा आन्सली आल्मोनोर आला तेव्हा तर ते काही बोललेच नाहीत. त्यांच्या पत्नीने आठवण करून दिली की याच महाविद्यालयाने २०२३ मध्ये पर्ड्यूसारख्या अग्रमानांकित संघाला घरी पाठवले होते, आणि हा मुलगा त्या संघात होता. बाईंची स्मरणशक्ती दांडगी. शिवाय एस्टोनियाचा केर क्रिसा, ओक्लाहोमाचा ओटेगा ओवे. कागद भरत गेला. शेवटी नऊ दुसऱ्या महाविद्यालयांतून आलेले आणि तीन अगदी नवे, असे बारा झाले.

या बारांत दोन नावे वेगळ्या शाईने लिहिलेली होती. ट्रॅव्हिस पेरी आणि ट्रेंट नोआ. दोघेही केंटकीचेच. तिथे शालेय अजिंक्यपदासाठी लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत खेळतात आणि ती रप अरीनात होते. त्या मार्चमध्ये अंतिम सामना पेरीच्या लायन काउंटीने नोआच्या हार्लन काउंटीला हरवून जिंकला होता. राज्याच्या शालेय इतिहासात मुलांमध्ये सर्वाधिक गुण पेरीचे, पाच हजारांवर. कॅलिपारी गेले तरी त्याने दिलेला शब्द फिरवला नाही. नोआ दुसरीकडे जाणार होता, तो घरी आला. शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले ते फक्त या दोन नावांना.

इथे खरा वाद सुरू झाला. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्यांनी मांडले की संघ आता राहिलाच नाही, भाड्याची माणसे आहेत. पूर्वी मुलगा चार वर्षे राही, आपण त्याला वाढताना पाहत असू. त्यांनी उदाहरण दिले ते १९९२ चे. १९८९ मध्ये गैरप्रकारांबद्दल विद्यापीठावर कारवाई झाली, दोन वर्षे राष्ट्रीय स्पर्धा बंद. बरेच खेळाडू पांगले. रिची फार्मर, डेरॉन फेल्डहाउस, जॉन पेल्फ्री आणि शॉन वूड्स हे चौघे राहिले. त्यांपैकी तिघे केंटकीच्या लहान गावांतले. शिक्षा संपल्यावर १९९२ मध्ये ते ड्यूकविरुद्ध जादा वेळेत एका गुणाने पुढे होते, २.१ सेकंद उरले होते, आणि ख्रिश्चन लेटनरने मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून आलेला चेंडू झेलून, वळून बास्केट केली. १०४-१०३. हरलेल्या त्या चौघांच्या जर्सी विद्यापीठाने काही दिवसांतच छताला टांगल्या. "सांगा," शेजारी मला म्हणाले, "या बारांपैकी कुणाची जर्सी कुणी टांगेल?"

मला उत्तर नव्हते. त्यांच्या पत्नीकडे होते. त्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळून निवृत्त झालेल्या, एरवी मितभाषी. त्या म्हणाल्या की निष्ठेचा हिशेब तुम्ही पोरांकडूनच का मागता? १९९६ चा करंडक ज्यांनी आणला ते रिक पिटिनो १९९७ मध्ये बॉस्टनला गेले, आणि २००१ मध्ये परत आले ते थेट हाडवैरी लुईव्हिल विद्यापीठात. टबी स्मिथ यांनी १९९८ साली अजिंक्यपद दिले, तरी लोकांच्या कुरकुरीला कंटाळून २००७ मध्ये त्यांनी मिनेसोटा गाठले. कॅलिपारींना वर्षाला ऐंशी लाख डॉलरहून अधिक मिळत होते, करारही लांब मुदतीचा होता. ते एका आठवड्यात गेले. कुणाला वर्षभर घरी बसावे लागले? आणि मुलाने विद्यापीठ बदलले की मात्र एक वर्ष बाकावर. "तुमचा पोपसुद्धा वॉशिंग्टन सोडून इथे आलेला आहे," त्यांनी शेवटी सांगितले, "आणि तो एक हंगाम बसला होता. विसरलात?"

शेजारी विसरले नव्हते. त्यांना ते सोयीचे नव्हते, एवढेच.

बाईंचे म्हणणे मला तेव्हाही पटले आणि आजही पटते. वर्षभर बसण्याची ती सक्ती २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती उठली, आणि २०२४ च्या त्याच एप्रिलमध्ये, अभ्यासात ठीक असलेल्या मुलाला कितीही वेळा विद्यापीठ बदलायची मोकळीक मिळाली. जुलै २०२१ पासून आपल्या नावावर आणि छबीवर पैसे घेण्याची मुभा आली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांनाच खेळाडूंना पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. आकडा ऐकून आपण दचकतो. पण त्या मैदानाची तिकिटे आणि दूरचित्रवाणीचे हक्क विकले जात होते ते काही कालपासून नव्हे. पोरे फुकट पळत होती तेव्हा खेळ पवित्र होता, आणि त्यांना वाटा मिळाला तेव्हा बाजार झाला, हे म्हणणे मला तरी कोडगेपणाचे वाटते.

‘आपली पोरे’ या शब्दांचाही जुना हिशेब आहे. १९६६ च्या अंतिम सामन्यात रप यांचा सगळा गोरा संघ टेक्सास वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंसमोर हरला. त्यानंतरही केंटकीकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, टॉम पेन, मैदानात उतरला तो १९७० च्या हंगामात. राज्यातली कितीतरी गुणी मुले त्या काळात ‘आपली’ नव्हतीच. शेजाऱ्यांनी हा विषय काढला नाही, मीही पाहुणी म्हणून काढला नाही. पण चार वर्षे राहणाऱ्या मुलांच्या त्या सुवर्णकाळात हेही होते.

इतके असूनही शेजाऱ्यांचे दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. वर्गात पहिल्या वर्षी अडखळणारा मुलगा तिसऱ्या वर्षी उभा राहून प्रश्न विचारतो, हे पाहण्यातच शिक्षकाचा पगार असतो. ते पाहायला वेळ लागतो, आणि नियम बदलताना हा वेळ कुणाच्याच बाजूने धरला गेला नाही. दर वर्षी विद्यापीठ बदलणारा मुलगा पदवी कशात घेतो, त्याचे श्रेयांक कुठे जमा होतात, असे मी त्या टेबलावर विचारले, तर दोघेही माझ्याकडे नुसते पाहत राहिले. मुलांना पैसे मिळावेत, मोकळीकही मिळावी. पण मग विद्यापीठाने त्यांना विद्यार्थी म्हणताना थोडी लाज बाळगावी, किंवा खरोखर शिकवावे.

ऑक्टोबरच्या आरंभी मी परतले. त्याच महिन्यात हंगामाच्या नांदीच्या सोहळ्यात पिटिनो रप अरीनात आले आणि लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्याचे मुलीने कळवले. लुईव्हिलचे पाप फिटले होते. पुढचे सामने मी घरी पहाटेच्या चहाबरोबर पाहिले. नोव्हेंबरात त्या उसनवारीच्या संघाने ड्यूकला ७७-७२ असे हरवले. १ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिपारी अर्कान्सास घेऊन आले, लोकांनी हुर्यो केली, आणि ते ८९-७९ असे जिंकून गेले. बटलरचा खांदा दुखावला, रॉबिन्सनच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली, तरी संघ २०१९ नंतर प्रथमच शेवटच्या सोळांत पोचला. तिथे टेनेसीने हरवले. हंगामात दोनदा यांच्याकडून हरलेल्या टेनेसीने. आणि शेजारी ज्याच्या नावाने कळवळले होते तो ड्रेक्सेलचा विल्यम्स वर्षाअखेरी त्यांचा सर्वांत लाडका झालेला होता. सात फुटांचा माणूस डाव्या हाताने असे पास देतो की पाहत राहावे, असे ते फोनवर सांगत.

मग वसंत आला. बटलर, ब्रे, विल्यम्स, कार, रॉबिन्सन या सगळ्यांची महाविद्यालयीन मुदत संपली होती. कोविडमुळे मिळालेले जादा वर्ष घेऊन आलेली ती बावीस-तेवीस वर्षांची माणसे. कॅलिपारींची मुले फार लहान म्हणून एका वर्षात जात. पोप यांची फार मोठी म्हणून एका वर्षात गेली. आणि ट्रॅव्हिस पेरी, ज्याने शब्द पाळला होता, त्यानेही मिसिसिपी विद्यापीठाचा रस्ता धरला. त्याला खेळायला मिळे ते बहुधा कुणी जखमी झाले म्हणून. वीस वर्षांच्या आसपासच्या मुलाने खेळायला मिळेल तिथे जावे यात गैर काय? नोआ मात्र राहिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये फोन झाला तेव्हा फ्रिजवर नवा कागद होता. शेजाऱ्यांनी नावे वाचून दाखवली. ओवे एनबीएची चाचपणी करून परत आला होता. जेडन क्वेन्टन्स याचे नाव त्यांनी मोठ्याने घेतले. तो कॅलिपारींच्या वेळी केंटकीला यायचा होता, ते गेल्यावर अॅरिझोना स्टेटला गेला, आणि आता आला होता. "आपलाच मुलगा," शेजारी म्हणाले, "वाट चुकला होता." लेक्सिंग्टनचा जॅस्पर जॉन्सन, जवळच्या स्कॉट काउंटीचा मलाकाय मोरेनो, अशी घरची नावेही होती, आणि फ्लोरिडाच्या विजेत्या संघातून आलेला एक.

मग फोन पत्नीने घेतला. जुना कागद त्यांनी फेकलेला नव्हता. त्यातले पेरीचे नाव कापून त्यांनी फ्रिजच्या कडेला लावले होते. मिसिसिपीचे सामने आपण पाहणार, मुलगा कसा खेळतो ते कळायला नको का, असे म्हणाल्या. मी विचारले, आणि केंटकीशीच सामना असेल त्या दिवशी?

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मी लोणची घालायला काढीन. यांना एकट्यालाच बसू दे."